सिंधुदुर्गाची बाहेरची तटबंदी

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला हाताच्या अंतरावर असल्यासारखा दिसतो, पण होडी त्याच्याकडे सरळ जात नाही. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या आणि पाण्याखाली दडलेल्या खडकांच्या मधून, ठरलेल्या वाटेनेच तिला जावे लागते. तटाजवळ पोचल्यावरही दरवाजा चटकन दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड तो असा घेतला आहे की अगदी समोर आल्याशिवाय सापडू नये. किल्ल्याची माहिती देताना आपण तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, उंची तीसएक फूट, क्षेत्र ४८ एकर असे आकडे सांगतो, आणि ते खरेच थक्क करणारे आहेत. पण हे आकडे आतल्या तटाचे. या किल्ल्याला बाहेरची आणखी एक तटबंदी आहे: भोवतालचे खडक, उथळ पाणी, भरती-ओहोटीचे प्रवाह, आणि त्यातून वाट काढण्याचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञान. ही बाहेरची तटबंदी राखली नाही, तर आतल्या तटाचे कितीही जतन केले तरी सिंधुदुर्ग जपला असे म्हणता येणार नाही.

२५ नोव्हेंबर १६६४ या दिवशी मालवणच्या किनाऱ्यावरील एका खडकाजवळ पूजा करून शिवाजी महाराजांनी या दुर्गाची मुहूर्तमेढ रोवली. तो खडक आज मोरयाचा धोंडा म्हणून ओळखला जातो. गणपती, चंद्र आणि सूर्य त्याच्यावर कोरलेले आहेत. समोरच्या कुरटे बेटाची निवड महाराजांनी स्थानिक जाणकारांच्या मदतीने केली, असे परंपरा सांगते. किनाऱ्यावरून तोफांचा मारा सहज होऊ शकेल इतके जवळचे बेट का निवडले, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर पाण्यात आहे. मोठ्या जहाजांना खडकांमुळे बेटाच्या जवळ येता येत नाही आणि लहान होड्यांना वाट माहीत असावी लागते. किनाऱ्याची बाजू राखायला राजकोट, दांडीच्या बाजूला पद्मगड, उत्तरेला कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट अशी ठाणी उभी राहिली. ओहोटीला पद्मगडापर्यंत वाळूवरून चालत जाता येते आणि भरतीला तीच वाट बुडते. ज्याला भरती-ओहोटीच्या वेळा कळतात त्याच्यासाठी तो रस्ता आहे, ज्याला कळत नाहीत त्याच्यासाठी सापळा. म्हणजे हा एकटा किल्ला नाही, चार ठाणी आणि त्यांच्यामधले पाणी मिळून उभारलेली ही एक रचना आहे.

यावर इतिहासाचा अभ्यासक म्हणेल की ही तटबंदी अभेद्य नव्हती. ते बरोबर आहे. १७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नावही दिले. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांना परत मिळाला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. पण किल्ले पडतात ते केवळ भिंती ढासळल्यामुळे नाही, मागची सत्ता आणि तिचे आरमार दुबळे झाले तरीही पडतात. भोवतालचे खडक मात्र १६६४ मध्ये होते तिथेच आजही आहेत. त्यांच्यामधून होडी नेणारी माणसेही पुष्कळशी त्याच किनाऱ्यावरची आहेत.

किल्ल्यात आजही मोजकी कुटुंबे राहतात. १६९५ मध्ये राजाराम महाराजांच्या काळात बांधलेल्या श्रीशिवराजेश्वर मंदिरात पूजाअर्चा चालू आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या समुद्राच्या मधोमध अजून पाणी देतात. नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो, त्यात किल्ल्याच्या नारळाला मान असतो, आणि मग किनाऱ्यावर नारळ लढवण्याची चुरस लागते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात जाऊ लागतात. समुद्र कधी उघडा आणि कधी बंद हे ठरवणारा हा सण आहे, आणि किल्ल्याची होडीवाहतूकही याच ऋतुचक्राने चालते.

समुद्राच्या या ज्ञानाचा सर्वांत स्पष्ट आविष्कार पाहायचा तर रापण पाहावी. लांबच लांब जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगांनी माणसांनी ते ओढत आणायचे, अशी ही मासेमारी. एकट्यादुकट्याचे हे काम नाही, पुरी वाडी लागते. माशांचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा, आणि वेळेवर येऊन दोराला हात लावणारा सहसा रिकामा परत जात नाही. रापण कुठेही टाकता येत नाही. तळाला खडक असेल तर जाळे फाटते, म्हणून खालची वाळू कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे डोळ्यांना दिसत नसतानाही ठाऊक असावे लागते. बेटाभोवतीच्या तळाचा हा नकाशा कुठल्या कागदावर नाही, तो रापणकरांच्या डोक्यात आहे. पर्ससीनसारख्या यांत्रिक जाळ्यांनी किनाऱ्याकडे येणारा मासा आधीच उचलला गेला आणि रापणी रिकाम्या येऊ लागल्या, तेव्हा पारंपरिक मच्छीमारांनी मोठा संघर्ष केला. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले ते या पार्श्वभूमीवर. हा प्रश्न पोटापाण्याचा तर आहेच, पण तो वारशाचाही आहे. रापण थांबली की तळाचा तो नकाशा दोन पिढ्यांत पुसला जाईल.

किल्ला आणि मासेमारी यांच्यानंतर आता तिसरी बाजू, प्रवाळांची. १९८७ मध्ये मालवणच्या या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याच्या तीन चौरस किलोमीटरच्या आसपासच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग आणि पद्मगड येतात. ज्या खडकांनी परक्या जहाजांना अडवले, त्यांच्यावरच प्रवाळ वाढले आहेत, आणि प्रवाळांच्या कपारींत रंगीबेरंगी मासे राहतात. पर्यटक आज तारकर्ली-देवबागेला येऊन स्कूबा आणि स्नॉर्केलिंग करतात ते याच खडकांसाठी. एकच खडक संरक्षणाचा, उपजीविकेचा आणि विरंगुळ्याचा आधार आहे. मात्र त्याच्याभोवतीच्या गोष्टी आपण चार वेगवेगळ्या खात्यांकडे वाटून दिल्या आहेत: तट पुरातत्त्व खात्याकडे, प्रवाळ वन खात्याकडे, मासा मत्स्य खात्याकडे, आणि पर्यटक पर्यटन खात्याकडे. होडीवाला आणि रापणकर चारही खात्यांच्या दारात उभे असतात, पण निर्णयाच्या बैठकीत त्यांना क्वचितच जागा मिळते.

मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला, मग तेच रक्षक कसे होणार, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो वरवरचा आहे. जाळे टाकण्याच्या जागेवर उद्या आपल्यालाच गुन्हेगार ठरवतील, ही भीती त्या विरोधामागे होती, आणि समुद्रावर जगणाऱ्या माणसाने ती बाळगणे अगदी रास्त होते. संरक्षणाची कल्पना त्यांना अमान्य नव्हती, आपल्याला वगळून केलेले संरक्षण अमान्य होते. पर्ससीनविरुद्ध लढताना किनाऱ्याचा मासा टिकावा म्हणून त्यांनीच आवाज उठवला, हे विसरून कसे चालेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तरी २००१ ते २०११ या दशकात त्याची लोकसंख्या घटली आणि साडेआठ लाखांच्याही खाली आली. तरुण मुंबईला जातात, गणपतीला चाकरमानी म्हणून परततात. अशा ठिकाणी पाण्याखालच्या पर्यटनाने घरच्या घरी कमाईची वाट दाखवली असताना तिच्यावर बंधने कशाला? उत्तर असे की बंधने नसतील तर ही कमाईच टिकणार नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवणमध्ये विरंगुळ्याच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांची होणारी हानी नोंदवली आणि २०२० मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रवाळाला हात लावणे, त्यावर पाय ठेवणे, पायातल्या फिनचा फटका बसणे, नांगर टाकणे या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी वर्षानुवर्षे वाढलेला प्रवाळ क्षणात मोडतो. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला दहा मिनिटांच्या सूचनेनंतर पाण्यात उतरवले की तो आधार शोधतो, आणि हाताशी प्रवाळच असतो. यात पर्यटकाचा दोष थोडा आहे. एका दिवसात जास्तीत जास्त फेऱ्या मारायला लावणाऱ्या धंद्याच्या गणिताचा जास्त आहे. पाहायला काही उरले नाही, तर याच तरुणांना पुन्हा मुंबईची गाडी पकडावी लागेल.

पर्याय जिल्ह्यातच आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट खारफुटीची सफर घडवून आणतात. वल्ह्याची होडी, मोजके पर्यटक, आणि खाडी ओळखणाऱ्या बायका स्वतः माहिती सांगतात. तिथे झाड शाबूत राहणे हाच धंद्याचा पाया आहे. मालवणला हे जसेच्या तसे उचलता येणार नाही, कारण तिथली गर्दी वेगळ्याच प्रमाणाची आहे. पण त्यातले तत्त्व उचलता येते: जागा ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याच हातात ती दाखवण्याचा आणि राखण्याचा अधिकार असावा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे, आणि ही संधी दवडू नये. त्या यादीसाठीच्या प्रस्तावात किल्ल्यांची मांडणी भूप्रदेशानुसार केली आहे. शिवनेरी आणि राजगड डोंगरी किल्ले, प्रतापगड रानाने वेढलेला, पन्हाळा पठारावरचा, विजयदुर्ग किनाऱ्याचा. सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि सिंधुदुर्ग बेटावरचे. म्हणजे सिंधुदुर्गाचे मोल त्याच्या भोवतालच्या समुद्रासह मान्य झाले आहे. मग व्यवस्थापनाचा आराखडा तटाच्या चुन्यापाशी आणि पायऱ्यांपाशी थांबू नये. डायव्हिंगच्या होड्यांसाठी कायमचे बोये बसवावेत, म्हणजे प्रवाळावर नांगर पडणार नाही. एका खडकावर एका वेळी किती माणसे उतरतील याची मर्यादा ठरवावी आणि काही खडकांना आळीपाळीने विश्रांती द्यावी. कोणत्या खडकाला कधी विश्रांती हवी, हे ठरवणाऱ्या समितीत शास्त्रज्ञ हवेतच, पण रापणकर आणि होडी हाकणारे तांडेलही हवेत, आणि केवळ निमंत्रित म्हणून नव्हे तर मताच्या अधिकारासह. किल्ल्यावर येणाऱ्या पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशाचा ठरावीक वाटा या कामासाठी बाजूला काढावा. वाटे पाडण्याची रीत या किनाऱ्याला नवी नाही.

रापणकरांच्या डोक्यातला तळाचा नकाशा आता कागदावर उतरवणेही निकडीचे आहे. प्रत्येक खडकाचे स्थानिक नाव, प्रत्येक वाटेची खोली, कोणत्या तिथीला कुठे प्रवाह ओढतो याची नोंद त्यांच्याकडून, त्यांच्या नावानिशी घ्यावी. या कामाला मोठा खर्च नाही. होडी आहे, माणसे आहेत, आणि दर वर्षी समुद्र उघडल्यावर ती त्या पाण्यात जातातच. पण ज्यांना हे सगळे तोंडपाठ आहे ती पिढी म्हाताऱ्यांची आहे, म्हणून ही नोंद पुढच्या हंगामापासूनच सुरू व्हायला हवी.