हशाने निवडलेल्या गोष्टी

पुण्यातल्या कथाकथनाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात तीन लेखकांपासून करावी लागते, आणि तिघांपैकी एकही मूळचा पुण्याचा नाही. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले, शंकर पाटील कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीचे, द. मा. मिरासदार अकलूज-पंढरपूरकडचे. १९६२ च्या सुमारास हे तिघे एका व्यासपीठावर बसून आपापल्या कथा सांगू लागले. पेटी-तबला नाही, वेशभूषा नाही, नेपथ्य म्हणाल तर एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि माईक. एवढ्यावर दोन-अडीच तास शहर बसून राहायचे.

ऐकण्याची सवय पुण्याला आधीपासून होती. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. गणेशोत्सवातले मेळे आणि भाषणे होती, देवळांतली कीर्तने होती. कीर्तनाचा उत्तररंग म्हणजे तरी काय, एक आख्यानच. बुवा एका दमात राजा होणार, राणी होणार, द्वारपाल होणार आणि मध्येच बाहेर येऊन श्रोत्यांना चिमटा काढणार, हे पुणेकर श्रोता लहानपणापासून पाहत आलेला. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गाणे या हिशेबाने वर्षभर चालले, तेव्हा आख्यान रेडिओवरही चालते हे सिद्ध झाले होते. कथाकारांना श्रोता आयता मिळाला. नवी होती ती गोष्ट. देवादिकांची नव्हे, राजेरजवाड्यांची नव्हे; चावडीवरच्या, पारावरच्या, तालमीतल्या माणसांची. सांगणाराही बुवा किंवा नट नव्हता, ती लिहिणारा लेखकच होता.

यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. माडगूळकर १९५५ पासून पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम सांभाळत होते, पाटीलही काही काळ तिथेच होते. शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून माईकशी बोलायचे म्हणजे अलंकार गळतात, वाक्ये आखूड होतात. हे शिक्षण ‘सत्यकथा’ मासिकाच्या पानांवर मिळत नव्हते. मिरासदारांची शाळा निराळी होती. ते मराठीचे प्राध्यापक, त्यामुळे मागच्या बाकावरच्या उनाड पोराला गप्प कसे बसवायचे हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. गरवारे महाविद्यालयात शिकवणारा हा मास्तर माईकसमोर आला की चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचा नाही. लोक हसून लोळत असताना आपण मात्र काहीतरी गंभीर माहिती देतो आहोत, असा आवाज.

मिरासदारांची भोकरवाडी घ्या. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर, शिवा जमदाडे ही मंडळी कथेमागून कथेत परत येतात. वाचताना हे मालिकेसारखे वाटते. ऐकताना त्याचा उपयोग फार व्यवहारी असतो. नाना चेंगटाचे नाव उच्चारले की अर्धा मांडव आधीच हसलेला असतो. ओळख करून देण्यात वेळ जात नाही, कथा थेट चालू पडते. ‘भुताचा जन्म’मध्ये एका अफवेला तोंडातोंडी हातपाय फुटत जातात, आणि ही कथा तोंडी सांगितली की तिला आणखी एक तोंड मिळते, सांगणाऱ्याचे. कागदावर ती गंमत अर्धीच राहते.

शंकर पाटलांचे बलस्थान बोली. ‘धिंड’मधला दारू प्यालेला राऊ खोत त्यांच्या तोंडून बोलायला लागला की ‘तो म्हणाला’, ‘हा म्हणाला’ हे सगळे गळून पडते. पट्टी बदलली की माणूस बदलला. १९६०-७० च्या दशकांत पुणे वाढत होते. नोकरीसाठी, शिक्षणासाठी खेड्यांतून माणसे येत होती आणि शहरात आल्यावर आपली बोली खिशात घालून ठेवत होती. त्या माणसाला भर सभेत, तेही प्रमाण भाषेचा तोरा मिरवणाऱ्या पुण्यात, कोल्हापुरी बोली माईकवरून ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हती. पेठेतला जुना पुणेकर हसत होता तो मात्र वेगळ्या कारणाने. त्याला खेडे म्हणजे गंमत वाटत होती. एकाच सभागृहात दोन प्रकारचे हसू असायचे. त्याचा हिशेब फारसा कुणी केला नाही.

इथेच माझी तक्रार आहे. कथाकथनाने मराठी कथेला श्रोता दिला, पण कोणती कथा जगायची हे हशाने ठरवले. मांडवात रात्री साडेनऊला, शेजारी कुल्फीवाला ओरडत असताना, करुण कथा सांगून पाहा. ती पडते. संयोजक पुढच्या वर्षी पत्र पाठवताना लिहितात, विनोदीच सांगा. म्हणून ‘वळीव’ या कथेचे शंकर पाटील मागे पडले आणि ‘धिंड’चे पुढे आले. खेड्यातल्या सत्तेची कादंबरी म्हणून ‘टारफुला’ (१९६४) आजही थक्क करते, पण पाटलांचे नाव काढले की लोकांना ‘मीटिंग’ ही कथा आठवते, ‘नाटक’ आठवते. मिरासदारांनी ‘विरंगुळा’, ‘स्पर्श’ अशा उदास कथा लिहिल्या हे त्यांच्या चाहत्यांनाही सांगावे लागते. माडगूळकरांचे तर या माध्यमाशी मुळातच जुळणे अवघड होते. त्यांची कथा बोलते कमी आणि पाहते जास्त. ‘माणदेशी माणसं’मधले मौन टाळ्यांच्या मधे बसत नाही. तिघांच्या संचात टाळी घेणारे दोघेच का आठवतात, याचे उत्तर गुणवत्तेत नाही, माईकमध्ये आहे.

एकपात्री प्रयोग हा शेजारचा पण वेगळा प्रकार. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आणली ती नटाच्या ताकदीवर. औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये अख्खे वऱ्हाड एकट्याने उभे केले. कथाकाराला एवढे करायचे नसते. तो पात्र होत नाही, पात्राची नक्कल करून परत स्वतः होतो. मुंबईचे व. पु. काळे या दोहोंच्या मधे कुठेतरी होते. महापालिकेत वास्तुविशारद असलेल्या वपुंनी कथाकथन गावच्या पारावरून ब्लॉकच्या दिवाणखान्यात आणले. त्यांच्या वाक्यांनी श्रोत्यांच्या वह्या भरल्या. पुण्यात त्यांना तिघांइतकीच गर्दी होई, फक्त श्रोतृवर्गात मुलींची संख्या जास्त.

बायका मात्र व्यासपीठावर फार उशिरा दिसतात. गिरिजा कीर यांनी महाराष्ट्रभर कथाकथन केले, तरी ‘कथाकथनाचा सुवर्णकाळ’ वगैरे लेखांत त्यांचे नाव शेवटच्या ओळीत येते. पुण्याच्या सुषमा देशपांडे यांनी १९८९ मध्ये ‘व्हय, मी सावित्रीबाई’ सुरू केले. तो एकपात्री प्रयोग. पण शाळेत, वस्तीत, अंगणात, रंगमंच नसेल तिथेही करता येणारा, म्हणून तो मला नाटकापेक्षा गोष्टीच्या जवळचा वाटतो. समोरच्या माणसाशी थेट बोलणारी बाई, आणि हशावर अजिबात न बेतलेली गोष्ट. तिघांना जे मांडवात जमवता आले नाही ते इथे जमले, कारण इथे श्रोता करमणुकीसाठी बोलावलेला नव्हता.

कॅसेट आल्या आणि कथाकथनाचा फायदाही झाला, नुकसानही. लांबच्या गावाला, परदेशी गेलेल्या मुलाला आवाज पोचला. पण कॅसेटमुळे प्रत्येक कथेची एकच आवृत्ती पक्की झाली. श्रोत्यांना जागा माहीत झाल्या. कुठे थांबणार, कुठे हसायचे. सांगणाऱ्याने एखादा शब्द बदलला की लोक नाराज. शाळांच्या स्पर्धांतून मुले शंकर पाटलांच्या हेलात ‘धिंड’ सांगू लागली, बक्षिसेही मिळवू लागली. स्वतःची गोष्ट सांगणारा मुलगा मात्र तिसऱ्या क्रमांकाच्याही पलीकडे. पुढे घरोघरी वाहिन्या आल्या. शंकर पाटील १९९४ मध्ये गेले, वपु आणि माडगूळकर २००१ मध्ये. मिरासदार २०२१ पर्यंत होते. लेखकाने स्वतः गाव पालथे घालत आपली कथा सांगायची, ही पद्धत त्याच्या बऱ्याच आधी विरळ झाली होती.

आता पुण्यात गोष्ट ऐकायची तर सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत जावे लागते. तिथे नट असतो, हातात संहिता असते आणि त्याला अभिवाचन म्हणतात. २००५ मध्ये महमूद फारुकींनी दिल्लीत दास्तानगोई, म्हणजे गोष्ट सांगण्याची जुनी उर्दू परंपरा, पुन्हा उभी केली, तिचा वारा इकडेही आला. मुंबईची गोष्ट सांगणारी ‘दास्तान-ए-बडी बांका’ मराठीत झाली. कानाला इअरफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी स्टोरीटेल हे अ‍ॅप २०१७ पासून आहे. आणि मराठी स्टँडअपवाले आहेतच. पस्तिशीच्या आतली ही पोरे आपल्या चाळीची, आईबापांची, पहिल्या नोकरीची गोष्ट सांगतात तेव्हा मिरासदारांची आठवण येते, विशेषतः जो चेहरा न हलवता सांगतो तो पाहून. त्यांना मिरासदार माहीत असतीलच असे नाही. नसले तरी बिघडत नाही. फक्त तिथेही तोच सापळा आहे, दर अर्ध्या मिनिटाला हशा हवाच.

छोट्या जागांचा फायदा वेगळाच निघाला आहे. जी. ए. कुलकर्णी आयुष्यभर व्यासपीठापासून लांब राहिले. शेवटची वर्षे त्यांनी पुण्यात काढली, १९८७ मध्ये इथेच गेले, पण सभा-समारंभात ते कुणाला दिसायचे नाहीत. त्यांच्या जाळीदार, काळोख्या कथा आता अभिवाचनात लोक पाऊण-पाऊण तास ऐकतात. मांडवात हे शक्य नव्हते. शेजारी कुल्फीवाला नाही, संयोजकांचे पत्र नाही, आणि आलेली माणसे मोजकी असली तरी तिकीट काढून कथेसाठीच आलेली आहेत. अशा खोलीत कुणीतरी ‘वळीव’ वाचावी, ‘विरंगुळा’ वाचावी. पाटील आणि मिरासदार म्हटल्यावर लोक हसायच्या तयारीने येतील, पहिली पाच मिनिटे हसतीलही. वाचणाऱ्याने तेवढे सोसायचे आणि पुढे वाचायचे.