सप्ताहातली वीणा रात्री दोन वाजता कोण धरतो?

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील गावांत हनुमान जयंतीच्या आसपास किंवा श्रावणात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. फलकावर कीर्तनकार महाराजांची नावे असतात, अन्नदात्यांची यादी असते. मात्र सात दिवस सप्ताह चालता ठेवणारा एक माणूस त्या फलकावर बहुधा नसतो. तो पहाऱ्याची यादी सांभाळणारा असतो.

'अखंड' म्हणजे नेमके काय?

पहिल्या दिवशी पूजन करून वीणा गळ्यात घेतली, की ती काल्यापर्यंत खाली ठेवायची नाही. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. कार्यक्रम बदलतात, वीणा मात्र एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह तर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. लातूर-नांदेड पट्ट्यात वीरशैव समाजाचे शिवनाम सप्ताहही होतात. तेथे मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' ग्रंथाचे पारायण असते.

माणसे किती लागतात?

सात दिवसांचे तास होतात 168. पहारा दोन तासांचा धरला तर 84 पहारे. प्रत्येक पहाऱ्याला एक विणेकरी आणि तीन टाळकरी म्हटले तरी 336 पाळ्या भरतात. स्वयंपाक, वाढपी, पाणी, मंडप यांची माणसे वेगळीच. लहान गावात एवढ्या पाळ्या भरायच्या म्हणजे एकेकाकडे दोन-तीन वेळा जावे लागते.

अडचण कुठे येते?

कीर्तनाला मंडप भरतो, पंगतीला गाव लोटते. प्रश्न असतो मध्यरात्रीपासून काकड्यापर्यंतचा. तरुण पोरे पुण्याला कामाला, जाणती माणसे थकलेली. श्रावणात सोयाबीनची फवारणी, चैत्रात लग्नसराई. कुणाच्या मोटारीची वीज रात्रीच येते, तर कुणाच्या घरी म्हातारे माणूस आजारी. हे सगळे यादीवाल्याला ठाऊक असते. तो घरोघरी जाऊन विचारतो, "आबा, तुम्हाला पहाटंचा ठेवू का संध्याकाळचा?" माणूस ठरल्या वेळी आला नाही तर उठवायला जातो आणि तरीही कुणी मिळाले नाही तर स्वतः वीणा गळ्यात घालून उभा राहतो. त्याने हे काम सोडले, की पुढच्या वर्षी 'अखंड' हा शब्द फलकावर तेवढा उरतो.

मग दखल कशी घ्यायची?

काल्याच्या दिवशी महाराजांचा सत्कार होतो, देणगीदारांची नावे माइकवरून पुकारली जातात. त्यात पहारेकऱ्यांची यादीही वाचायला फार तर पाच मिनिटे लागतील. एक नारळ यादीवाल्याच्या हातावर ठेवला तर गावाला तो जड नाही. त्याच्या हाताखाली एखादा तरुण आतापासून दिला, तर वही पुढच्या पिढीकडे जाईल.

आणि शाल-श्रीफळाहून त्याला बरे वाटेल अशी एक गोष्ट गावाबाहेर राहणाऱ्यालाही करता येते. यंदा सप्ताहाला गावी गेलात, तर पंगतीला बसण्याआधी त्याला गाठा आणि म्हणा, "रात्री दोनचा पहारा माझ्या नावावर लिहा."