दुकानाची लांब पाटी कशाच्या आधारावर टिकते?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'कारण' या शब्दाभोवती बरंच फिरलो. आज उदाहरण अगदी रस्त्यावरचं घेतो. दुकानाची पाटी. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला पाट्यांशी काय देणंघेणं, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आधी घडलेलं सांगतो.

माझ्या धाकट्या भावाचं पुण्यात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत, असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि बाजारात एकच धावपळ उडाली. भावाने तीस फूट लांब, तीन फूट उंच पाटी करायला दिली. फॅब्रिकेटर म्हणाला, दहा ब्रॅकेट लागतील. मी तिथे होतो. मी म्हटलं, "अहो, पाटीचं वजन ते किती! चार पुरेत." पैसे वाचले. मला बरंही वाटलं.

एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस आला. रात्री पाटीचं एक टोक सुटलं आणि फुटपाथवर आदळलं. त्याच जागी रोज संध्याकाळी एक गजरेवाल्या मावशी बसतात. रात्र होती म्हणून निभावलं. सकाळी त्या आल्या, वाकलेल्या लोखंडाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "सर, इथं मी बसते."

पुढच्याच महिन्यात, १३ मे २०२४ ला, घाटकोपरचं जाहिरातीचं अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. ते प्रकरण निराळं, आकारही कितीतरी मोठा. पण बातमी ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे मावशीच होत्या.

तर प्रश्न असा : पाटी का पडली? सगळे म्हणाले, वाऱ्याने. वैशेषिकांना हे उत्तर अर्धवट वाटलं असतं. त्यांच्या मते वस्तू पडते ती गुरुत्वामुळे, आणि आधाराशी असलेला संयोग नाहीसा झाला की पडते. म्हणजे पडण्याचं बळ वस्तूत सदैव आहेच. विचारायचं ते असं, की इतके दिवस ती पडली का नाही? तो संयोग कसला होता? या प्रश्नाची मी चार भागांत फोड करतो.

पहिला भाग वजनाचा. तीन मिलिमीटरची एसीपी शीट एका चौरस मीटरला साधारण चार किलो भरते. त्यामागे लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम, वर अक्षरं, दिवे. सगळी मिळून आमची पाटी शंभर किलोच्या आसपास. फार नाही. पण शटरच्या पेटीमुळे पाटी भिंतीपासून फूटभर पुढे घ्यावी लागते, आणि मग वजन नुसतं खाली ओढत नाही, वरचा बोल्ट भिंतीतून बाहेरही खेचतं. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये सहाच इंच अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर मिळून दोनशे किलोची ओढ येते. तेच अंतर दोन फूट केलं, की ओढ पन्नास किलोवर उतरते. वजन तेच, पाटी तीच. म्हणून ब्रॅकेट उंच घ्यायचा आणि खालून तिरपा टेकू द्यायचा.

दुसरा भाग वाऱ्याचा. इथेच माझं चुकलं. मी फक्त वजन बघत होतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलोचा दाब टाकतो. आमची पाटी आठ चौरस मीटरहून थोडी मोठी, म्हणजे जवळजवळ चारशे किलो. वजनाच्या चौपट! शिवाय वारा नुसता ढकलत नाही. तो पाटीच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर लोटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबईसाठी ४४. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला आपला चारशेचा आकडा जवळपास दुप्पट होतो.

तिसरा भाग लांबीचा. चार ब्रॅकेट सारख्या अंतरावर लावले तर दोहोंमध्ये दहा फूट राहतात. दहा लावले तर सव्वातीन फुटांहून थोडं जास्त. अंतर तिपटीने वाढलं. पण झोल तिपटीने वाढत नाही. तो अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ८१ पट! वाऱ्यात अशी पाटी आतबाहेर हलत राहते आणि प्रत्येक हेलकाव्याला बोल्ट थोडा थोडा सैल होतो. एक सुटला, की त्याचा भार शेजारच्यावर जातो. तोही आधीच थकलेला असतो. आमच्या पाटीचं एक टोक सुटलं ते असंच.

लांबीचं आणखी एक दुखणं म्हणजे ऊन. ४० अंशांच्या फरकाने तीस फूट ॲल्युमिनियम जवळजवळ नऊ मिलिमीटर वाढतं, लोखंड त्याच्या निम्मंच. दोघांना घट्ट जखडलं तर शीट फुगते, स्क्रू उपटतात. म्हणून पाटी तुकड्यांत करायची, सांध्यात थोडी फट ठेवायची आणि भोकं लांबट पाडायची.

चौथा भाग भिंतीचा. आमचे बोल्ट काढून पाहिले. प्लास्टिकच्या गिट्ट्या, अर्ध्या गिलाव्यात आणि अर्ध्या विटांच्या सांध्यात. गिलावा भिंतीला झाकतो, भार पेलत नाही. शटरवर काँक्रीटचा बीम असेल तर अँकर फास्टनर त्यात, कडेपासून आत घ्यायचा. जुन्या विटांत फुगणारा फास्टनर वीट फोडतो. तिथे आरपार बोल्ट टाकून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी द्यावी, किंवा केमिकल अँकर वापरावा. आणि छज्जाला पाटी टांगू नका. छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो, त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. वरून ड्रिल मारलं तर नेमक्या त्याच दुखावतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वारा हे निमित्त होतं. संयोग कच्चा होता, आणि तो कच्चा ठेवण्याचा निर्णय माझा होता. फॅब्रिकेटरला माहीत होतं, पण त्याने माझ्या वयाला आणि 'सर' या शब्दाला मान दिला. मला माहीत नव्हतं, तरी मी ठामपणे बोललो. पाटी आमच्या मालकीची, तिच्यावरचं नाव आमचं, पण तिच्याखालची जागा आमची नव्हती. धोका मी पत्करलाच नव्हता, तो मावशींच्या डोक्यावर ठेवला होता. पैसे माझे वाचले आणि जोखीम त्यांची वाढली, तीही त्यांना न विचारता. कार्यकारणाच्या चर्चेत ही बाजू आपण फार सहज विसरतो.

नवी पाटी दहा-दहा फुटांच्या तीन तुकड्यांत केली, दहा ब्रॅकेट, सगळे बीममध्ये. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाऊ शिडी लावून बोल्ट बघतो. गंज आहे का, भोकाभोवती तडा आहे का, हाताने हलवल्यावर पाटी हलते का. अर्ध्या तासाचं काम. तुमचं दुकान असेल तर एवढं करा. दुकान नसेल, तर ओळखीच्या दुकानदाराला एकदा विचारा, की पाटी किती ठिकाणी धरली आहे. आणि तो फॅब्रिकेटरशी भाव करत असेल, तर रंगाचा करू दे, अक्षरांचा करू दे, पण बोल्टांचा करू नको म्हणावं.

आज इथेच थांबतो. पुढच्या वेळी 'निमित्त' या शब्दाकडे वळू. आता तुमचे प्रश्न घेतो.