चट्टा मलाच का?

"घर एक, चूल एक, मग बधिर चट्टा मलाच का, डॉक्टर?" असे रुग्ण मला विचारतात. यात पाप नाही, शाप नाही. कुष्ठरोगाचे जंतू अनेकांच्या शरीरात शिरतात. पुढचे बरेचसे टी-पेशींवर ठरते. या पांढऱ्या पेशी जंतू ओळखून रासायनिक निरोप धाडतात, तेव्हा भक्षक पेशी जंतूंना मारतात. निरोप नीट पोचला तर बहुतेकांना रोग होतच नाही, काहींना एखाद-दुसरा चट्टा उठतो. निरोपच गेला नाही तर जंतू अंगभर पसरतात.

आपल्या दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ साली निघाले, तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. आज ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. मात्र उशीर झाल्यास निकामी झालेली नस सहसा परत येत नाही. म्हणून चट्टा लपवू नका, दाखवा.