अक्षरविकृती, ई-मेलमधील
ई-मेलने पाठविलेला देवनागरी, सिरिलिक, जपानी इ. रोमनेतर लिपींतील मजकूर ग्राहकाच्या पडद्यावर असंबद्ध चिन्हांच्या रूपात उमटणे, यास अक्षरविकृती म्हणतात. जपानी भाषेत या दोषास ‘मोजिबाके’ (अक्षरांचे रूपांतर) अशी संज्ञा असून ती इतर भाषांतही रूढ झाली आहे.

संगणक अक्षर साठवीत नाही. त्या अक्षरास नेमून दिलेला अंक साठवितो. कोणत्या अंकाने कोणते अक्षर दर्शवावयाचे, हे ठरविणाऱ्या कोष्टकास संकेतावली म्हणतात. प्रेषकाने एका संकेतावलीनुसार लिहिलेले अंक ग्राहकाच्या संगणकाने दुसरीनुसार वाचले, तर अक्षरे पालटतात. अशा वेळी मजकूर नष्ट झालेला नसून त्याचे वाचन चुकलेले असते.

कारणे : अमेरिकेत १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्की संकेतावलीत ७ बिटांच्या १२८ संकेतांना जागा आहे. ई-मेलच्या वहनासाठी १९८२ मध्ये ठरविलेला एसएमटीपी हा नियमसंचही ७ बिटांपुरताच होता. त्यामुळे इतर लिपींना लागणारा आठवा बिट वाटेत गळण्याचा संभव असे. रशियन भाषेच्या केओआय-८ संकेतावलीची रचना अशी आहे, की आठवा बिट गळाला तरी सिरिलिक अक्षराच्या जागी साधारणतः त्याच उच्चाराचे रोमन अक्षर उरते व शब्द वाचता येतो. १९९२ मध्ये माइम हे मानक आले. पत्रात संकेतावलीचे नाव नोंदविण्याची आणि ८ बिटांचा मजकूर ७ बिटांत बसविण्याची सोय त्याने झाली. ही नोंद नसल्यास किंवा चुकीची असल्यास विकृती संभवते.

देवनागरीसाठी १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक निघाले. त्यात ‘क’चा अंक १७९ आहे. युनिकोडमध्ये (पहिली आवृत्ती १९९१) तो २३२५ असून यूटीएफ-८ पद्धतीने २२४, १६४ व १४९ अशा तीन बाइटांत लिहिला जातो. हेच बाइट पश्चिम यूरोपीय भाषांच्या विंडोज-१२५२ संकेतावलीने वाचल्यास एका ‘क’ऐवजी आघातचिन्हयुक्त रोमन अक्षर, चलनचिन्ह व ठिपका अशी तीन चिन्हे दिसतात.

निदान : विकृतीच्या स्वरूपावरून तिचे कारण ओळखता येते. आघातचिन्हयुक्त अक्षरांचे त्रिक पुनःपुन्हा आढळल्यास यूटीएफ-८ मजकूर अन्य संकेतावलीने वाचला गेला, असे समजावे. बरोबरीचे चिन्ह व त्यापुढे दोन षोडशमान अंक अशी मालिका किंवा रोमन अक्षरे व अंक यांची अखंड रांग दिसल्यास वहनासाठी केलेले रूपांतर उलगडलेले नाही. रिकाम्या चौकटी फाँटचा अभाव दर्शवितात. जुन्या, फाँटवर आधारलेल्या पद्धतीचा मराठी मजकूर तो फाँट नसल्यास रोमन अक्षरांत दिसतो. सर्वत्र केवळ प्रश्नचिन्हे असल्यास मात्र मूळ अंक बहुधा पुसले गेलेले असतात.

उपाय : मूळ पत्र न बदलता जतन करावे व वाचनाची संकेतावली बदलून पाहावी, देवनागरीसाठी प्रथम यूटीएफ-८ निवडावी. विकृत मजकुराची नक्कल करणे किंवा तो पुढे पाठविणे टाळावे, कारण त्यामुळे चुकीची चिन्हेच नव्याने संकेतबद्ध होतात. विंडोज-१२५२ मध्ये २५६ पैकी पाच स्थाने रिक्त आहेत. ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार व हलंत चिन्ह यांचे तिसरे बाइट नेमके त्या स्थानी येत असल्याने काही संगणकीय कार्यक्रम ते गाळतात. मग उलट रूपांतर करूनही जोडाक्षरे परत मिळत नाहीत. मूळ अंक गेले असल्यास प्रेषकाकडून पत्र पुन्हा मागविणे एवढाच मार्ग उरतो. प्रेषकाने यूटीएफ-८ वापरणे व तशी नोंद पत्रात असणे, हा प्रतिबंधाचा खात्रीचा उपाय होय.