पेनड्राइव्हमधला केरवा

हळदीचा मांडव असो की सोसायटीचा गणपती, पिंपरी-चिंचवडमध्ये आता ऑर्केस्ट्रा म्हणजे बहुधा एक गायक, एक गायिका आणि एक कीबोर्डवाला. ढोलकी, कोंगो, बेस गिटार वाजवणारी माणसं स्टेजवरून उतरली. त्यांचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांखाली चालतं. कॉर्ड धरली की अरेंजर कीबोर्ड ताल, बेस आणि मधले तुकडे तिच्यामागे वाजवत राहतो. साथीच्या या तयार साच्याला सगळे 'स्टाइल' म्हणतात.

साचा तयार करणं हा या पट्ट्याचा धंदाच. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज, आणि चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज. माणसं आली ती आपापली गाणी घेऊन. देहू-आळंदीच्या वाटेवर अभंग, भोसरीत लावणी, नवरात्रात दांडिया, मोशीला इंद्रायणीकाठी छठ. वादकाच्या पेनड्राइव्हमध्ये हे सगळं हवं. या वादकांतले कित्येक जण पोटापाण्याला कंपनीत. एमआयडीसीची सुट्टी बऱ्याच ठिकाणी गुरुवारी, तेव्हा स्टाइलची दुरुस्तीही गुरुवारीच.

कंपन्यांनी भारतासाठी वेगळी मॉडेलं काढली नाहीत असं नाही. यामाहाची पीएसआर-आय 425, 455 आणि 500, कॅसिओची सीटी-एक्स 9000 आयएन ही त्यातली. तबला, ढोलक, तानपुरा आयता मिळतो. पण हा तबला अख्ख्या देशाला पुरवायचा म्हणून बसवलेला. लावणीची ढोलकी, गोंधळाचं संबळ, हलगीचा कडकडाट हवा असेल तर हात काळे करावे लागतात.

यामाहाच्या पद्धतीत एका स्टाइलला आठ भाग असतात: दोन तालाचे, एक बेस, दोन कॉर्डचे, एक पॅड आणि दोन फ्रेजचे. मिडी या वाद्यांच्या डिजिटल भाषेतले 9 ते 16 हे चॅनेल त्यांना दिलेले. त्यावर इंट्रो, मेन ए ते डी, फिल म्हणजे मधली भरणी, ब्रेक, एंडिंग अशा पायऱ्या. सगळं एकाच मूळ कॉर्डमध्ये, साधारणपणे सी मेजर सेव्हनमध्ये, रेकॉर्ड करायचं. कार्यक्रमात वादक एफ मायनर धरेल तेव्हा त्या सुरांचं काय करायचं, ते नियम प्रत्येक भागाला वेगळे लावता येतात. खरी कारागिरी या नियमांत आहे, आणि नवशिका नेमकी तिकडेच पाठ फिरवतो.

अभंगाचंच घ्या. तानपुऱ्याचा भाग नेहमीच्या नियमावर सोडला तर कॉर्ड बदलताच षड्जही जागचा हलतो आणि गायक वळून बघतो. म्हणून त्या भागाला 'रूट फिक्स्ड' आणि 'बायपास' लावायचं. मग वर कॉर्ड काहीही असो, सा-प ठाम. कॉर्डच्या भागातून गंधार काढून टाकायचा, कारण शुद्ध की कोमल हे गायकाच्या गळ्यानं ठरवायचं, यंत्रानं नव्हे. राग मालकंस असेल तर पंचमही काढा, तिथे सा-म हवा. हे यंत्र पाश्चात्त्य हार्मनीच्या डोक्यानं बनलेलं आहे. आपल्या गाण्यासाठी स्टाइल करताना त्यात भर घालण्यापेक्षा त्याचा उत्साह आवरण्याचंच काम जास्त.

तबल्याचा घोळ याहून नाजूक. गायकाची पट्टी काळी दोन निघाली की वादक ट्रान्सपोज दाबतो. तानपुरा, बेस, कॉर्ड सगळं सरकतं. ड्रम किटमधला दायाँ मात्र जिथल्या तिथे, कारण किटमध्ये कीबोर्डची पट्टी म्हणजे आवाजाचा सूर नसतो, आवाज कोणता ते सांगणारा नंबर असतो. ट्रान्सपोजनं नंबर बदलला असता तर दायाँऐवजी झांज वाजली असती. म्हणून ड्रम सेटअपमध्ये जाऊन दायाँ वेगळा चढवावा-उतरवावा लागतो. पुण्या-मुंबईच्या कितीतरी कार्यक्रमांत तबला गाण्याबाहेर वाटतो तो यामुळे, आणि दोष दिला जातो साउंडवाल्याला!

बायाँचा घुमारा ही आणखी एक परीक्षा. केरव्याच्या 'धा गे ना ती न क धिं ना' यातल्या 'गे'वर मनगट दाबलं जातं आणि सूर वर सरकतो. पिच बेंडनं ते करता येतं, पण पिच बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो; दायाँ त्याच चॅनेलवर असेल तर तोही वाकडा वाजेल. म्हणून जाणकार तालाचे दोन्ही भाग वापरतात, एकात दायाँ आणि खंजिरी, दुसऱ्यात फक्त बायाँ. आणि क्वांटाइझ, म्हणजे ठोके मात्रेच्या रेषेवर ओढणं, शंभर टक्के कधीच लावत नाहीत. सगळे ठोके रेषेवर बसले की केरवा चालत नाही, नुसता मोजला जातो.

फिलची गंमत वेगळीच. यामाहात फिल एका बारचा. बारच्या मधे बटण दाबलं तर तो पहिल्यापासून नव्हे, मधूनच सुरू होतो. तिहाई रचली असेल तर तिचं डोकं उडतं आणि शेपूट समेवर येतं. यावर तोडगा म्हणजे कुठूनही पकडला तरी शोभेल असा फिल बांधायचा. खरी तिहाई हवी तर ती ब्रेकमध्ये ठेवायची आणि बटण नेमकं समेवर दाबायचं.

अशा स्टाइल पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात, विकल्याही जातात. कॉर्ग आणि यामाहा दोघांच्या फाइलला शेवटी 'एसटीवाय' असतं म्हणून घेणारा फसतो; आतली मांडणी पूर्ण वेगळी. कॉर्गमध्ये ड्रम, परकशन, बेस आणि पाच साथीचे ट्रॅक, शिवाय मेजर, मायनर, सेव्हन्थसाठी वेगळ्या आवृत्त्या लिहिण्याची सोय. तिचा कंटाळा करणारे एकच आवृत्ती लिहून मोकळे होतात, आणि भैरवीत ते लगेच ऐकू येतं.

एक तक्रार मला पटते: या कारागिरीनं ढोलकीवाल्यांची सुपारी खाल्ली. पण रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात किंवा अंकुशराव लांडगे सभागृहात चांगल्या लावणीला आजही ढोलकीवाला बसतोच. तेव्हा कीबोर्डवाला आधी तालाचे भाग म्यूट करतो. पुढची अडचण अशी की यंत्राला ढोलकी ऐकू येत नाही. नाचणारीनं लय चढवली, ढोलकी तिच्यामागे गेली की बेस मागे राहतो. टॅप टेम्पोनं गाठायचा प्रयत्न होतो, दोन ठिकाणी जमतो. तिसऱ्या ठिकाणी वादक स्टाइलच बंद करतो आणि दोन्ही हातांनी वाजवायला लागतो.