मधुमेह आणि आपलं ताट

मधुमेहाला आपण गावाकडे नुसतं 'साखर' म्हणतो. 'त्याला साखर निघाली' असं कानावर आलं, की घरातल्यांचे चेहरे उतरतात. मग दोन तऱ्हेची माणसं दिसू लागतात. एक म्हणतो, "रोज गोळी घेतो ना, मग पेढा खाल्ला तर बिघडलं कुठं?" दुसरा कुठून तरी ऐकून येतो, की हा रोग नुसत्या पथ्यानं जातो, आणि गोळ्यांची पाकिटं उकिरड्यावर टाकून मोकळा होतो. दोघेही आपलं नुकसान करून घेतात. पथ्यानं आणि चालण्यानं पुष्कळ होतं, हे खरं. पण ते कसं होतं, कोणाचं होतं आणि गोळी केव्हा थांबवायची, हे कळलं पाहिजे.

हा रोग शहरातल्या बैठ्या माणसांचा, असं पूर्वी समजत. आता तसं राहिलेलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीनं झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

शरीरात बिघडतं काय, ते मळ्यातल्या उदाहरणानं पाहू. रक्त म्हणजे पाट, त्यातली साखर म्हणजे पाणी, आणि शरीरातल्या पेशी म्हणजे वाफे. इन्सुलिन हा दारं धरणारा माणूस. तो एकेक वाफ्याचं दार उघडतो, पाणी आत जातं. लहान मुलांत बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हा माणूसच नसतो; म्हणून तिथं इन्सुलिनचं इंजेक्शन आयुष्यभर घ्यावंच लागतं. ते कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायचं नाही. मोठेपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात मात्र माणूस हजर असतो, पण वाफे आधीच तुडुंब भरलेले असतात. दार उघडलं तरी पाणी शिरत नाही, आणि पाट भरून वाहू लागतो. हे तुडुंब भरणं म्हणजे यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी. तिच्यामुळे यकृत रात्री उपाशीपोटीसुद्धा जादा साखर सोडत राहतं, आणि स्वादुपिंड दमून जातं.

"पण आमचा माणूस तर काटक, त्याला कुठली आली चरबी?" असं कोणी विचारील. याचा शोध पुण्याजवळच्या खेड्यांतच घेतला गेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर माता आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळं वजनाला इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच कमी होती, पण अंगावरच्या चरबीचं प्रमाण त्या मानानं कमी नव्हतं. कमी होते ते स्नायू. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळ जण दिसायला सडपातळ असले, तरी पोटात चरबी बाळगून असतात. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, याच्या पुढे गेली की सावध व्हावं.

आता ही चरबी उतरवली तर काय होतं? स्कॉटलंड आणि इंग्लंडचा टाइनसाइड भाग इथं एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि जे इन्सुलिनवर नव्हते, अशा स्थूल रुग्णांना दवाखान्याच्या देखरेखीखाली काही महिने अगदी थोडा, मोजका आहार दिला. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधावाचून मधुमेहाच्या रेषेखाली आली. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक घटलं, त्यांच्यात तर हे प्रमाण ८६ टक्के होतं. मात्र दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, कारण वजन परत चढलं की साखरही परत येते. म्हणून डॉक्टर याला 'रोग बरा झाला' असं म्हणत नाहीत, 'रोग माघारी गेला' म्हणतात. आणि जुना मधुमेह असेल, स्वादुपिंड फार थकलेलं असेल, तर गोळी लागतेच. त्यात पथ्याचा दोष नाही की माणसाचा नाही.

आता घरातलं पाहू. आरंभ चहापासून करावा. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोजची सुमारे ५० ग्रॅम झाली. महिन्याची दीड किलो! तीही एकट्याच्या पोटात. गूळ आणि मध यांनीही साखर चढतेच, त्यांचं नाव वेगळं इतकंच. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीनं उपवास घडत असेल, पथ्य घडत नाही.

ताटाचे मनानं चार भाग करावेत. दोन भाग पालेभाजी, फळभाजी, काकडी, मुळा, कोशिंबीर. एक भाग घट्ट वरण, उसळ, पिठलं, अंडं किंवा मासळी. उरलेल्या एका भागात भाकरी किंवा भात. ज्वारी-बाजरीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा केव्हाही चांगली. पण भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या, तर साखर वाढणारच. आणि घरधनिणीनं एकासाठी वेगळी चूल मांडू नये. हे जेवण साऱ्या घराला चालतं, मुलांना तर हवंच.

"आम्ही शेतात राबतो, आम्हांला व्यायाम कशाला?" हाही प्रश्न येतो. पेरणी-काढणीच्या दिवसांत राबणं होतं, हे कबूल. पण नांगरट ट्रॅक्टर करतो, मळ्यात जायला मोटारसायकल आहे, आणि उन्हाळ्याचे महिने पारावर जातात. रोज अर्धा तास, आठवड्यातले निदान पाच दिवस, दम लागेल पण बोलता येईल अशा चालीनं चालावं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं, तर स्नायू ती ताजी साखर लगेच वापरतात. पायांत चप्पल-बूट असावेत, कारण मधुमेहात पायाची जखम कळत नाही आणि लवकर भरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम जेवण तोडलं, तर साखर खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. म्हणून पथ्य सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगावं. साखर उतरेल तशी ते गोळी कमी करतील. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रोगी यांनी तर त्यांच्या सल्ल्यावाचून आहार घटवूच नये. गोळी आपण सोडायची नसते, तिची गरज सुटावी लागते. आणि ती सुटली की नाही, हे रक्त तपासल्यावर कळतं. गोळी थांबवून तीन महिने झाल्यावरही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ६.५ च्या खाली असेल, तर रोग माघारी गेला असं म्हणता येतं. त्यानंतरही डोळे, पाय आणि लघवी यांची तपासणी वर्षातून एकदा करावीच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. पुढच्या पालकसभेला एक टेप घेऊन या आणि आलेल्या प्रत्येकाची कंबर मोजा. ज्यांचा आकडा पुढे गेला असेल, त्यांना आणि तिशी ओलांडलेल्या सर्वांनाच आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात रक्त तपासायला पाठवा. मधुमेह पुष्कळ वर्षं न दुखता, न खुपता अंगात राहतो. तो लवकर सापडला, तर त्याला माघारी धाडणं सोपं जातं.